तारेवरचा आवाज

चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मोठे काका कुणाला हाक मारत नसत, टाळी वाजवत. कोरडी, खणखणीत टाळी. ती ऐकली की हातातलं काम टाकून मी धावायची, कारण ती बहुतेक माझ्यासाठीच असे. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. माझं कळतं वय सुरू झालं तेव्हा त्यांचा आवाज जाऊन बरीच वर्षं झाली होती. घशाच्या दुखण्यात मुंबईला मोठं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या खाली एक भोक होतं, त्यातून ते श्वास घेत. त्यावर काकूने शिवलेलं मलमलचं फडकं असे, लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखं, पण नीट इस्त्री केलेलं. रोज एक ताजं. दोरीवर वाळत घातलेली ती पांढरी फडकी पाहून नवीन येणाऱ्याला वाटे की घरात तान्हं मूल आहे.

गंमत अशी की माणूस होता बोलण्याचाच. आमचं शहर हिंदी मुलखातलं, तिथल्या राइट टाउन भागात परदेशी लोकांना हिंदी शिकवणारी एक शाळा होती. घरात मराठी बोलणारे आमचे काका तिथे गोऱ्या पाद्र्यांना, डॉक्टरणींना, त्यांच्या बायकांना हिंदीचे उच्चार शिकवत. आवाज गेल्यावर ती नोकरी संपली. मग एका छापखान्याची हिंदी प्रुफं घरी येऊ लागली आणि काका दिवसभर मधल्या खोलीत टेबलाशी बसून लाल पेन्सिलीने चुका काढू लागले. लिहून बोलायला पाटी दिली होती, पण पाटीचा त्यांना राग होता. ते ओठांनी बोलत. संपूर्ण वाक्यं, सावकाश, जसं वर्गात बोलत असतील तसं, फक्त आवाजाशिवाय. आणि ते ओठ घरात एकट्या मला वाचता येत. कसे, ते सांगता येणार नाही. लहानपणी त्यांच्या मांडीवर पडून वर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायची, त्यातून झालं असेल. बाबा अंदाजाने बोलत आणि निम्मं चुकत. आई विचारून विचारून समजून घेई. काकू तर पाहायचीच नाही. ते काही म्हणू लागले की ती हातातल्या कामाकडे मान वळवायची आणि म्हणायची, "कुंदा, पाहा गं काय म्हणतात."

मग मी सांगायची. माझ्या बोलण्याची सुरुवातच "काका म्हणतात" अशी असे. दारावर भाजीवाला आला तर, पाहुणे आले तर, बाबांशी घरखर्चाचं बोलणं असलं तर, मध्ये मी. काका म्हणतात भेंडी जून आहे. काका म्हणतात या बसा. गल्लीतली पोरं मला काकाम्हणतात याच नावाने चिडवत. मला राग येत नसे. उलट मोठ्या माणसांच्या गोष्टीत आपल्यावाचून अडतं याचा थोडा तोराच होता. स्वयंपाकघरातही माझं एक काम होतं. नाकातून श्वास बंद झाल्यावर वासही जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. काकू सांबारवडी तळायला घेई किंवा वडाभातावर हिंगाची फोडणी ओती, तेव्हा काका दाराशी येऊन उभे राहत, मला विचारत, काय वास आहे? मी डोळे मिटून सांगायची की आधी बेसनाचा येतो आहे, मग कोथिंबीर, आता तेल जरा जास्त तापलं आहे. ते मान हलवत ऐकत आणि परत टेबलाशी जात. आता मलाच ऐकू कमी येतं. घरातल्यांना वाटतं म्हातारी कानाच्या मशीनवर निभावते आहे. मी निभावते समोरच्याच्या ओठांवर. ही माझी सगळ्यात जुनी विद्या आहे.

मॅट्रिकचा निकाल लागला आणि पहिल्यांदा या विद्येचं ओझं वाटलं. मला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. आमच्या ओळखीच्या कॉलेजात ते शिकवत नव्हते. नागपूरला मावशी होती, ती ठेवून घ्यायला तयार होती. घरात नको कुणीच म्हटलं नाही. पण आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तू गेलीस तर मोठ्या काकांचं कसं गं?" आणि बाबा पेपर चाळत, "पाहू पुढच्या वर्षी." काका मला एकटीला गाठून सांगत की तू जा. हे मी कुणाच्याच कानावर घातलं नाही. स्वतःच्या फायद्याचं "काका म्हणतात" कोणत्या तोंडाने सांगायचं? ते वर्ष असंच गेलं. मी घरीच राहिले, शिवणाच्या वर्गाला जायची आणि प्रुफं वाचायला काकांना मदत करायची.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी कळलं की ती हिंदीची शाळा हलते आहे, बंगला रिकामा होतो आहे. काकांना तिथला त्यांचा जुना शब्दकोश आठवला. समासात त्यांच्या हाताच्या टिपा होत्या. आम्ही दोघं टांग्याने गेलो. बंगल्याचा रखवालदार काकांना ओळखत होता. त्याने त्यांना पाहून हात जोडले आणि बोलता येत नाही म्हटल्यावर ऐकूही येत नसेल असं धरून माझ्याशीच मोठ्याने बोलत राहिला. शब्दकोश मिळाला नाही. मागच्या कोठीत मोडक्या खुर्च्या, नकाशे, फळ्यांचे तुकडे असा सगळा कबाडीला जायचा माल पडला होता. तिथे गोणपाटाखाली तपकिरी रंगाची, सुटकेसएवढी एक जड पेटी होती. मला वाटलं ग्रामोफोन. काकांनी झाकण उघडलं. आत दोन रिळं होती आणि एकावर काहीतरी रेशमासारखं चमकत होतं.

 काकांनी माझं बोट धरून त्या रिळावर ठेवलं. पोलादाची तार होती, केसापेक्षा बारीक, बोटाला कळतही नव्हती. त्यांचे ओठ हलले. हिच्यावर बोलत होतो, ते म्हणाले. टेपही पुढे आली, पण त्याआधी असं तारेवर आवाज धरणारं यंत्र अमेरिकेतून आलं होतं आणि शाळेत धडे त्याच्यावर भरून ठेवत. विद्यार्थी नंतर एकटे बसून ऐकत, म्हणून पाहत. टेप आल्यावर ही पेटी कोठीत गेली. मी विचारलं, म्हणजे हिच्यावर तुमचा आवाज आहे? त्यांनी खांदे उडवले. दुसऱ्या मास्तरांचाही असेल, पुसलेलाही असेल. रखवालदार म्हणाला, ले जाओ बेटी, वैसे भी कल ठेला आने वाला है. पेटी टांग्यात चढवताना दोघांनाही दम लागला. काकांच्या गळ्यातून शीळ घातल्यासारखा श्वास येत होता आणि ते हसत होते.

घरी पेटी पाहून आईने एवढंच विचारलं की आता ही ठेवायची कुठे. काकू दारापर्यंत आली, पेटी कसली ते ओळखलं आणि आत वळली. तिने ती कधी पाहिली नव्हती, पण त्या दिवसांत काका शाळेतून आले की सांगत म्हणे, आज मशीनसमोर बोललो, घसा बसला. घसा त्या मशीनमुळेच गेला असं काकूच्या मनात कुठेतरी बसलेलं होतं, हे मला पुढे कळलं. बाबांनी पेटीभोवती एक फेरी मारली. "चालणार आहे थोडीच," म्हणाले आणि बरं वाटल्यासारखे चपला काढायला गेले.

रेडिओ दुरुस्त करणारे गजभिये म्हणून गृहस्थ होते. मूळचे वर्ध्याकडचे, फौजेत वायरलेसवर होते, मग इथेच दुकान टाकलं. दसऱ्याला दरवर्षी नागपूरला जात आणि येताना गिऱ्हाइकांना संत्री आणत. बोलण्यात मोठे धडाकेबाज. पेटी पाहताच म्हणाले, "चालते. काहून नाही चालणार? दोन दिवसांचं काम हाय." लागला अख्खा हिवाळा. पहिल्याच दिवशी त्यांनी पिन सरळ आमच्या भिंतीतल्या सॉकेटकडे नेली तशी काकांची टाळी इतक्या जोरात वाजली की गजभिये दचकून मागे सरले. काकांनी त्यांच्या हातातून वायरच काढून घेतली. मी म्हटलं, "काका म्हणतात, ही अमेरिकेची आहे, आपली वीज हिला दुप्पट पडते. मध्ये डबा लागतो." गजभिये लगेच म्हणाले, "तेच पाहून राहिलो होतो मी." तो डबा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्यांनी फौजेच्या जुन्या सामानातून शोधून आणला. आतले मेणासारखे वितळलेले कंडेन्सर बदलले. एक व्हॉल्व्ह गेलेला होता, तो कटनीच्या कुण्या रेडिओवाल्याकडून आला. रिळ फिरवणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालं होतं. गजभियांनी सायकलच्या ट्यूबचं करून पाहिलं, ते घसरायचं. शेवटी आईची शेकायची रबरी पिशवी कापली. आई पुढे कितीतरी वर्षं कंबर धरून बसली की त्या पिशवीची आठवण काढायची.

मशीन फिरू लागलं त्या दिवशी सगळ्यात मोठा घोटाळा झाला. ब्रेक लागला नाही, रिळ सुसाट सुटलं आणि तार कारंज्यासारखी उसळून खोलीभर झाली. दोनचार ठिकाणी तुटलीही. गजभिये कपाळाला हात लावून बसले. मला रडू आलं. काकांनी एक टोक शोधलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, घाई करायची नाही. त्यानंतर किती दुपारी आम्ही अंगणात उन्हाला बसून तो गुंता सोडवला. शहपुऱ्याकडचा मटार तेव्हा पोत्यांनी यायचा. एका बाजूला आई नि काकू मटार सोलत, शेंगा फुटण्याचा टचटच आवाज, आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं पांढऱ्या चादरीवर तार पसरून. काकांची नजर अधू झाली होती, गाठी मी मारायची. दोन टोकं एकमेकांत घालून साधी गाठ, मग कात्रीने शेपट्या काटायच्या. गाठीपाशी थोडा आवाज जाईल, ते म्हणाले, तेवढा जाऊ दे. त्या दिवसांत ते माझ्याशी खूप बोलले. पहिला वर्ग कसा घेतला, गोऱ्या लोकांना ड आणि ढ कसा जमायचा नाही, एक डॉक्टरीण बाई घोड्याला गोडा म्हणायची. मी हसले की काकू मटारावरून वर पाहायची आणि परत मान खाली घालायची.

एका रविवारी सकाळी पोहे झाल्यावर काकांनी स्वतः बटण फिरवलं. गजभिये होते, आई होती, बाबा होते, काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी होती. आधी नुसती घरघर. व्हॉल्व्ह तापले तशी ती कमी झाली आणि मग एक पुरुष बोलला.

"पाठ सातवाँ। मेरे बाद कहिए। यह किसका घर है?"

मध्ये मोकळी जागा. म्हणणाऱ्याला म्हणता यावं म्हणून ठेवलेली. मग पुन्हा.

"यह मेरे भाई का घर है। घर के पीछे कुआँ है। कुआँ गहरा है।"

मी काकांकडे पाहत होते. आवाज काकांचा आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण त्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते, एकेका अक्षरावर. पण मला धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. इतकी वर्षं मी त्यांच्या वतीने बोलत होते ती एका आजारी, सोशिक माणसाच्या वतीने. माझा आवाज आपोआप हळू व्हायचा, थोडा कीव मागितल्यासारखा. आणि हा आवाज भरदार होता, खालच्या पट्टीतला. वाक्याच्या शेवटी त्यात हसू यायचं, जणू समोरचा चुकणार हे आधीच ठाऊक आहे आणि त्याची मजा वाटते आहे. या माणसाला मी ओळखतच नव्हते. म्हणजे त्याचे शब्द जन्मभर मीच बोलत आले होते, आणि तरीही. पुढे कान शाबूत होते तोवर, कुणी दुसऱ्याचं म्हणणं सांगू लागलं की मी आधी सांगणाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष द्यायची.

गजभियांनी खुशीत मांडीवर थाप मारली. आई डोळे पुसत होती. काकू दारातूनच म्हणाली, "घरी असे नव्हते बोलत कधी. घरी भरभर बोलायचे, अर्धं गिळायचे." आणि बाबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. जेवायच्या वेळेला आले ते कुणाकडे न पाहता म्हणाले, "ते मशीन पुन्हा लावायचं नाही." आमच्या घरात बाबांचा शब्द मोडायची रीत नव्हती.  पेटीवर चादर पडली.

आठवडा गेला असेल. बाबा ऑफिसला, आई शेजारी हळदीकुंकवाला. काकू हात पुसत मधल्या खोलीत आली आणि मला म्हणाली, "लाव." मी काकांकडे पाहिलं. ते प्रुफांतून मान वर न करता बसले होते. मी लावलं. काकू जमिनीवर मांडी घालून बसली आणि यंत्रातल्या आवाजाने विचारलं की यह किसका घर है, तेव्हा त्या मोकळ्या जागेत काकू म्हणाली, "यह किसका घर है." मला आधी हसू आलं. तिची हिंदी म्हणजे भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती. पण ती गंभीर होती. कुआँ गहरा है आलं तेव्हा ती म्हणाली, "कुआँ गहरी है." टेबलावर पट्टी आपटली. काकांनी मान वर केली होती. काकू म्हणाली, "काहून? विहीर तर बाई आहे ना." काकांनी पट्टी परत आपटली आणि ओठांनी दाखवलं, गहरा. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने मला थांबवलं. तिनेच पाहावं असं त्यांना हवं होतं. काकूने मग वर पाहिलं. इतक्या वर्षांत ती त्यांच्या तोंडाकडे नीट पाहते आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या गळ्याच्या फडक्याच्या वरती, हलणाऱ्या ओठांकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने तसंच राहू दिलं. "गहरा," म्हणाली.

मग ते रोजचं झालं. बाबा गेले की दुपारची भांडी विसळून काकू धड्याला बसे. एकच रिळ होतं, पाच-सहा धडे होते, तेच ते. गाठ आली की आवाजाला ठेच लागल्यासारखी व्हायची. काकूला सगळं पाठ झालं तरी ती चुकायची, आणि मला हळूहळू संशय येऊ लागला की मुद्दाम चुकते. तिला ती पट्टी हवी असायची. काका चिडत, हातवारे करत, ओठांनी तीनतीनदा सांगत आणि ती त्यांच्याकडे टक लावून बसायची. एकदा मी आत चहा करत होते आणि बाहेरून काकूला म्हणताना ऐकलं, "म्हशीला नाही समजणार हे? अच्छा. म्हणजे मी म्हैस." ते काकांनी धड्यातलं म्हटलं नव्हतं, तिला म्हटलं होतं. आणि तिने वाचलं होतं. मी चहा हातात घेऊन आतच थांबले.

बाबांना कळायचंच होतं. एका दुपारी अंगात कणकण म्हणून ते लवकर घरी आले. आम्हाला फाटक वाजलेलं ऐकू आलं नाही. दारात उभे राहून त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. "वहिनी, बंद करा ते," एवढंच म्हणाले. काकू उठू लागली तशी काकांनी टाळी वाजवली. तिला बसायची खूण केली. बाबांना समोरची खुर्ची दाखवली. बाबा बसले नाहीत.

"मला नाही ऐकवत, दादा," बाबा म्हणाले. "तो आवाज मीच काढायला सांगितला ना."

तेव्हा बाबांच्या बोलण्यातून मला कळलं, आणि मला वाटतं आईलाही नीट माहीत नव्हतं. मुंबईला काकांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन करायचं नाही, जेवढे दिवस मिळतील तेवढे बोलत काढीन. मग ताप चढला, श्वास कोंडू लागला, ते शुद्धीत नव्हते. डॉक्टरांनी बाबांना विचारलं. बाबा तेव्हा पंचविशीचे असतील. त्यांनी हो म्हटलं. काका शुद्धीवर आले तेव्हा सगळं झालेलं होतं.

काका बोलू लागले. मी सवयीने सुरुवात केली, "काका म्हणतात," आणि त्यांनी जोरात मान हलवली. तसं नको. मी म्हणतो तसंच म्हण. मला त्यांचा अर्थ कळला. बाबांना मी आयुष्यात अरेतुरे केलं नव्हतं. पण काकांचे डोळे माझ्यावर होते. मी त्या तारेवरच्या आवाजासारखा जमेल तेवढा आवाज खाली नेला.

"मी तुझ्यावर रागावलो होतो, मधू. खूप वर्षं. तुला ते कळत होतं, म्हणून तू माझ्या तोंडाकडे पाहत नाहीस."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "मग सांगितलं काहून नाही?"

"कुणाच्या तोंडून सांगू? ही लहान होती," मी माझ्याबद्दलच म्हटलं.

बाबा खुर्चीत बसले.  रिळ संपून तारेचं टोक टिकटिक करत फिरत होतं, ते काकूने हात लांब करून थांबवलं.

"मी विचारत बसलो असतो तर तू नाही म्हणाला असतास," बाबा म्हणाले.

"नाहीच म्हणालो असतो. मला वाटत होतं, आवाज गेल्यावर माझ्याजवळ उरतं काय."

"आणि आता?"

काकांचे ओठ हलले, आणि मला ते म्हणायच्या आधीच हसू फुटत होतं. "आता तुझी वहिनी या वयात पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकून राहिली आहे. मला मरायला सवड नाही."

काकू पदर तोंडाला लावून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि खांदे हलू लागले. काका उठून त्यांच्यामागे गेले आणि डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, शाळकरी मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. मी उठून अंगणात आले. तिथे मला काही काम नव्हतं, पण आतही नव्हतं.

राग असा एका दुपारी जातो असं मी म्हणणार नाही. नंतरही कधी कधी काका बाबांवर उगाच पट्टी आपटत, आणि बाबा गप्प बसत. पण बाबा आता बोलताना समोर बसू लागले. चुकीचं वाचत, परत विचारत. संध्याकाळी ऑफिसातून आले की कपडे बदलून स्वतःच रिळ लावत आणि डोळे मिटून सगळे धडे ऐकत. ते ऐकताना दोघा भावांमध्ये एक शब्द होत नसे. मशीन अजून दोनतीन वर्षं चाललं. मग व्हॉल्व्ह मिळेनात, गजभियेही दुकान मुलाला देऊन गावाकडे गेले. पेटी पुढे भाड्याच्या घरांच्या अदलाबदलीत कुठे गेली मला माहीत नाही. मुलं म्हणतात, आजी, सांभाळायला हवी होती, आता किती किंमत आली असती. तो आवाज मला अजून पाठ आहे, पण नक्कल करून दाखव म्हटलं तर जमत नाही.

उन्हाळ्यात नागपूरचा विषय पुन्हा निघाला. या वेळी बाबांनीच काढला. आईने नेहमीचं विचारलं, मोठ्या काकांचं कसं? काकू भाजी चिरत होती. ती म्हणाली, "मी आहे ना." आईला वाटलं ती जेवणखाणाचं म्हणते आहे. काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

निघायच्या दिवशी सगळे स्टेशनवर आले. डब्यात वळकटी चढवली, खिडकीची जागा मिळाली. काकूने बेसनाच्या वड्या आणि धपाटे दिले होते. गाडी सुटायला वेळ होता म्हणून सगळे फलाटावर उभे राहून तेच तेच बोलत होते. मग काकांनी टाळी वाजवली आणि खिडकीशी येऊन काहीतरी म्हणू लागले. आई आणि बाबांना सांगायला मी सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात बाजूने काकूचा आवाज आला.

"हे म्हणून राहिले की मावशीकडे पाहुणी होऊन राहू नको, काम करू लाग. आणि दर आठवड्याला पत्र लिही."

काकांनी मान हलवली. पंधरवड्याला, ते म्हणाले. मला दिसलं.

"पंधरवड्याला म्हणतात," काकू म्हणाली. "पण ते काही खरं नाही. तू आठवड्यालाच लिही."

काकांनी कपाळावर हात मारला आणि तिच्याकडे वळून भराभर बोलू लागले, अर्धे शब्द गिळत. "मी माझ्या मनचं काहून नाही सांगायचं?" काकू म्हणाली. "माझी कोणी नाही का ती?" ते परत काही म्हणाले. ती परत काही म्हणाली. आजूबाजूची माणसं पाहत होती की ही बाई एकटीच कुणाशी भांडते आहे. गाडीने शिट्टी दिली, हिसका बसला, बाबा खिडकीबरोबर चार पावलं चालत आले. मी हात हलवला. आई हात हलवत होती. ती दोघं अजून तशीच समोरासमोर उभी होती, आणि दोघांपैकी एकाचंही गाडीकडे लक्ष नव्हतं.